कुंडीतला कोळसा

कोकणात आणि सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यात भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफा भाजण्याची रीत जुनी आहे. शेण, टाहाळ, पालापाचोळा यांचे थर रचायचे, वर थोडी माती पसरायची आणि पाऊस येण्याआधी पेटवून द्यायचे. याला राब म्हणतात. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याला ही चाल खुपत असे. १८८७ साली अहवाल देणाऱ्या मुंबई इलाख्याच्या वन आयोगापुढे राबासाठी होणाऱ्या फांदीतोडीचा वाद आला होता.

गच्चीवरच्या बागेत हल्ली बायोचारचा विषय निघाला की कोणी ना कोणी म्हणतेच, ‘म्हणजे आपला राबच की!’ तसे नाही. राबाला हवा मिळते, त्यामुळे मागे उरते ती मुख्यतः राख. बायोचार म्हणजे हवा कोंडून, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजलेला काडीकचरा. त्यातला बराच कार्बन जळून न जाता कोळशाच्या रूपाने राहतो आणि मातीत शेकडो वर्षे टिकू शकतो.

याचा पुरावा ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहे. तिथली मूळ जमीन निकस आणि आम्ल, आपल्या कोकणातल्या जांभ्या मातीची आठवण करून देणारी. तरीही जुन्या वस्त्यांच्या जागी काळीभोर, सुपीक माती सापडते. तिला ‘तेरा प्रेता’ म्हणतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रूक यांनी १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. या मातीत कोळशाबरोबर खापऱ्या, हाडे, माशांचे काटे असा पिढ्यान्‌पिढ्यांचा घरगुती केरही आहे. ‘काळे सोने’ विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हा केर नेमका गळलेला असतो.

मीही तो गाळला होता. इस्त्रीवाल्याकडून पोत्याच्या तळाची कोळशाची चुरी आणली आणि पालकाच्या कुंडीत चौथा हिस्सा सरळ मिसळून टाकली. पालक उगवला छान, पण दोन-तीन आठवड्यांत खालची पाने पिवळी पडून वाढ खुंटली. शेजारची कोळसा न घातलेली कुंडी मात्र हिरवीगार.

कारण कोळशाच्या छिद्रांत आहे. चांगल्या बायोचारच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. पण ताज्या कोळशाचे हे कोठार रिकामे असते आणि कुंडीतले नत्र आधी तेच धरून बसते. म्हणून ते भरून मगच मातीत घालायचे. लाकडी कोळसा घ्यावा. दगडी कोळसा किंवा शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबलेल्या वड्या नकोत. रंग दिलेल्या लाकडाचा किंवा प्लायवुडचाही नको. कोळसा आधी भिजवावा (कोरडा कुटला तर भुकटी छातीत जाते), हरभऱ्याएवढा फोडावा आणि दुप्पट-तिप्पट अर्धवट कुजलेल्या कंपोस्टात मिसळून तीन-चार आठवडे ओलसर ठेवावा. गोमूत्र पातळ करून शिंपडले तर उत्तमच. मग कुंडीतल्या मातीच्या दहाव्या हिश्शापर्यंत कोळसा पुरे. घरी डब्यात भाजता येतो, पण धूर फार होतो. सोसायटीच्या गच्चीवर तो उद्योग नको.

आता मातीचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. जेफरी आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली जगभरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. उष्ण कटिबंधात उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलेले दिसले, समशीतोष्ण प्रदेशात सरासरीने वाढ नव्हतीच. त्यांच्या मते उष्ण कटिबंधातला फायदा बहुधा आम्ल, निकस जमिनीला चुन्यासारखा आणि खतासारखा मिळणारा आधार यातून येतो. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो. रत्नागिरीच्या तांबड्या मातीला ते मानवेल. देशावरची काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिचा सामू पुष्कळदा आठच्या आसपास असतो. तिथे तो आणखी चढला की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासे होते. खालची जुनी पाने पिवळी पडली तर बहुधा नत्राची तूट. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची.

कुंडीत काळी माती असेल तर मी विसाव्या हिश्शाच्या वर जाणार नाही, आणि तेही कोळसा दोन पाण्यांनी धुऊन, वरची राख काढून टाकल्यावर. कोकोपीट आणि कंपोस्ट भरलेल्या हलक्या कुंडीला मात्र दहावा हिस्सा चालतो. यंदाचा पालक तशाच कुंडीत आहे. महिनाभर कंपोस्टात मुरवलेला कोळसा घातला आहे, आणि दोन कापण्या झाल्या तरी पाने हिरवी आहेत.