कडी-कोयंडा उचकटून... गावाकडचं घर नेमकं कुठं कच्चं असतं?

‘अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून कपाटातील दागिने व रोकड लंपास केली.’ बेळगाव, खानापूर, निपाणी असो की पलीकडचे चंदगड, गडहिंग्लज. घरफोडीची बातमी वर्षानुवर्षे याच वाक्याने सुरू होते. वाचणाऱ्यांना ती पाठ झाली आहे. पण हे वाक्य जरा थांबून वाचलं तर चोरीचा सगळा हिशोब त्यातच मिळतो. घर बंद होतं. कुलूप फुटलं नाही, कोयंडा उचकटला. आणि ऐवज कपाटातच होता.

आधी कुलपाचं बघू. घर बंद करून जाताना माणूस दुकानातून चांगलं जाडजूड, सात लिव्हरचं कुलूप आणतो. ते लावतो कशाला? तर वडिलांच्या काळातल्या कोयंड्याला. हा कोयंडा दोन-चार आखूड स्क्रूंवर किंवा खिळ्यांवर उभा असतो. मागची चौकट पावसाने फुगलेली, कुठं कुठं वाळवीने पोखरलेली. चोरटा कुलपाकडे बघतही नाही. कोयंड्यात पहार घालून एक हिसका दिला की कोयंडा, स्क्रू आणि लाकडाची खपली एकदमच बाहेर येते. कुलूप तसंच लोंबकळत राहतं. म्हणून पैसे घालायचेच तर आधी कोयंड्यात घालावेत. जाड पट्टीचा कोयंडा, आरपार जाणारे बोल्ट आणि आतल्या बाजूने लोखंडी पट्टी ठेवून आवळलेले नट, हे काम गावचा सुतार किंवा फॅब्रिकेशनवाला अर्ध्या दिवसात करून देतो. चौकट कुजली असेल तर मात्र काहीही बसवून उपयोग नाही, आधी चौकट बदलावी लागते. दारातच बसवलेलं आतलं कुलूप आणखी बरं. बाहेरून लोंबणारं कुलूप दिसत नाही, त्यामुळे घर बंद आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला लगेच कळत नाही.

मागचं दार हा वेगळाच विषय. पुढच्या दाराला सागवान आणि नक्षी, परड्याकडच्या दाराला जुनी फळी आणि एक सुतळी, अशी आपल्याकडची रीत. मागच्या दाराला आतून आडवा अडसर असावा, भिंतीतल्या खाचेत किंवा लोखंडी कड्यांत बसणारा. जुन्या वाड्यांत तो असायचाच. नव्या बांधकामात कडी आली आणि अडसर गेला. घर सोडताना बाकीची सगळी दारं आतून अडसर लावून बंद करायची आणि एकाच दाराने बाहेर पडायचं, एवढी सवय लागली तरी निम्मं काम होतं.

कौलारू घरात चोराला दाराची गरजही नसते. मंगळुरी कौलं नुसती रिपांवर टेकवलेली असतात, चार कौलं सरकवली की माणूस माळ्यावर उतरतो. सगळ्या छताखाली जाळी मारणं परवडत नाही, पण कपाट ज्या खोलीत आहे तेवढ्या खोलीवर कौलांच्या खाली लोखंडी जाळी किंवा मजबूत फळ्यांची तक्तपोशी करता येते. छपरावर आलेली फणसाची, आंब्याची फांदी तोडावी. आणि शिडी! परड्यात भिंतीला टेकवलेली शिडी, गोठ्यात ठेवलेली पहार, कुदळ, कुऱ्हाड. चोरटा बऱ्याचदा मोकळ्या हातानेच येतो, हत्यार घरमालकाचंच वापरतो. अवजारं कुलपात ठेवायची असतात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात सांगितली तर लोक हसतात. पण घर बंद असेल तेव्हा तरी ती आत घ्यावीत.

किल्लीबद्दल काय सांगावं! तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात, पायपुसण्याखाली, सोप्याच्या तुळईवर, मीटरच्या पेटीत. घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली ही जागा गल्लीलाही माहीत असते, आणि गल्लीला माहीत ते कामाला आलेल्या चार परक्यांनाही. कपाटाची किल्लीही तशीच, कपाटावर किंवा देव्हाऱ्यात. अशा घरात फोडाफोडीची गरजच पडत नाही. याचा दुसरा तोटा पुढे विम्याच्या वेळी समजतो.

चोरी रात्रीच होते असंही नाही. भात लावणीच्या आणि सुगीच्या दिवसांत सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत अख्खी गल्ली शिवारात असते, मागे राहतात ती म्हातारी माणसं. खानापूर, चंदगडच्या पट्ट्यात आषाढातल्या पावसाचा पत्र्यावर असा गदारोळ असतो की शेजारच्या घराचं दार मोडलं तरी ऐकू येत नाही. लग्नसराईत लॉकरमधले दागिने घरी येतात आणि कार्य झाल्यावर ‘बघू की पुढच्या आठवड्यात’ म्हणत महिनाभर कपाटातच राहतात. यात्रेत पाहुण्यांनी घर भरलेलं, कोण कुणाचा कळत नाही. आणि पुणे, मुंबई, गोव्यात नोकरीला असलेल्यांची घरं तर गणपती सोडले तर वर्षभर बंद. अशा घराची खूण लांबूनच पटते: अंगणात पाचोळा, दारात अडकवलेली वीजबिलं, दिवसाढवळ्या जळणारा दिवा. बाहेरचा दिवा सतत चालू ठेवणं म्हणजे घरात कुणी नाही याचीच पाटी. त्यापेक्षा अंधार पडल्यावर आपोआप लागणारा किंवा माणूस जवळ आला की पेटणारा सौर दिवा बरा, लाईट गेली तरी चालतो. शेजाऱ्याला सांगून आठवड्यातून दोनदा अंगण झाडून घ्यावं. परगावी असल्याचे फोटो स्टेटसला टाकायचे ते परत आल्यावर.

कॅमेऱ्यांचं हल्ली फार झालं आहे. उपयोग होतो, नाही असं नाही, पण बसवणारा बऱ्याचदा कॅमेरा उंच छपराखाली लावतो आणि त्यात चोराच्या टोपीखेरीज काही येत नाही. एक तरी कॅमेरा दाराशी, चेहरा दिसेल अशा उंचीवर हवा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवला तर चोरटे तोच उचलून नेतात. तो माळ्यावर किंवा बंद कपाटात असावा आणि त्याला बॅटरीची जोड असावी. हार्डडिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. म्हणून घटना कळल्यावर चित्रण लगेच काढून घ्यावं, शेजारच्या दुकानाचंसुद्धा.

सोनं कुठं ठेवायचं?

तोळ्याचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून हा प्रश्न साधा राहिलेला नाही. तांदळाच्या डब्यात, डाळीच्या बरणीत, गादीत ठेवलेलं सोनं चोरट्यांना सापडतं, कारण घरफोडीनंतर स्वयंपाकघरातले डबे पालथे पडलेलेच असतात. बँकेचा लॉकर अर्थातच सुरक्षित. पण त्यातलाही हिशोब माहीत असावा. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार लॉकरमधल्या वस्तू आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात गेल्या तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत असते. भाडं वर्षाला 2,000 रुपये असेल तर जास्तीत जास्त 2 लाख रुपये. म्हणजे दहा तोळे ठेवलेल्याला दोन तोळ्यांचीही पुरती भरपाई नाही. हा नियम बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे. पण पतसंस्था किंवा कर्नाटकातली सौहार्द सहकारी संस्था ही बँक नव्हे. सीमाभागात अनेकांचे दागिने अशाच संस्थांच्या लॉकरमध्ये आहेत. त्यांनी लॉकरच्या करारात जबाबदारीचं कलम काय लिहिलं आहे ते एकदा वाचून घ्यावं.

घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त असणारेही पुष्कळ. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांनी द्यायची ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर, वादळ, भूकंप यांसाठी आहे. त्यातली चोरी म्हणजे अशी आपत्ती आल्यावर तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि त्यात सहसा जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा मागतात. तुळशीतली किल्ली घेऊन चोरटा सरळ दार उघडून आत गेला, तर दावा तिथेच अडतो.

दागिन्यांचा पुरावा हा तर बहुतेक घरांत शून्य. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने विकताना त्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे. बारीक असतो, भिंगातून दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा, ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासताही येतो. आजीच्या पाटल्या, बोरमाळ, मोहनमाळ यांवर तो क्रमांक असणार नाही. त्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत, सराफाकडून वजन करून चिठ्ठी घ्यावी, कुठे डाग दिलेला असेल, मणी बदललेला असेल तर तेही लिहावं. सापडलेला माल आपलाच आहे हे पटवून द्यायला शेवटी अशाच खुणा कामाला येतात. फोटो त्या घरातल्याच मोबाईलमध्ये ठेवून चालत नाहीत, मुलीकडे किंवा भावाकडे एक प्रत हवी.

गस्त, आणि गस्तीचा गोंधळ

महाराष्ट्राच्या बाजूला 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला पोलीस पाटील गावात असतो, आणि बऱ्याच तालुक्यांत एका कॉलवर अख्ख्या गावाचे फोन वाजवणारी ग्राम सुरक्षा यंत्रणाही आहे. कर्नाटकात वंशपरंपरेची गावकामगार पदं 1961 च्या कायद्याने गेली, त्यामुळे खानापूर-बेळगावकडे संबंध येतो तो बीटच्या पोलिसाशी. त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे असावा. जास्त दिवस घर बंद ठेवणार असाल तर ठाण्यात लेखी कळवावं. दोन्ही राज्यांत तातडीचा नंबर एकच, 112.

चोऱ्या वाढल्या की तरुण मुलं काठ्या घेऊन रात्री गस्त घालतात. चांगलंच आहे. पण याच वातावरणात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘टोळी आली आहे’ असे संदेशही फिरतात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. मेलेल्यांत चोर कुणीच नव्हता. डवरी गोसावी, बहुरूपी, नंदीवाले पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेने हिंडत आले आहेत. अनोळखी माणूस दिसला तर नाव-गाव विचारावं, गाडीचा नंबर लिहावा, 112 ला फोन करावा. हात उगारू नये. गस्तीच्या मुलांना हे गावच्या पंचांनी पहिल्याच रात्री सांगायला हवं.

चोरी झालीच तर

चोरी झाली की पहिल्या तासात गाव घरात जमतं. कुणी कपाट उघडून बघतं, कुणी सांडलेले तांदूळ भरतं, कुणी चहा ठेवतं. ठसेतज्ज्ञ आणि श्वानपथक येईपर्यंत त्यांच्यासाठी काही उरलेलंच नसतं. उंबऱ्यातूनच माघारी फिरावं आणि पोलीस येईपर्यंत कुणाला आत सोडू नये.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. खानापूरचं घर फुटलं आणि मालक पुण्यात असला तरी तो पुण्यातल्या ठाण्यात खबर देऊ शकतो; ती पुढे हद्दीच्या ठाण्याकडे जाते. ऑनलाइन दिलेली खबर तीन दिवसांत सही केली तरच नोंदली जाते. पण पंचनामा जिथलं घर तिथेच व्हायचा असल्याने जवळच्या नातेवाइकाने लगेच स्थानिक ठाण्यात जाणं सोयीचं. कर्नाटकात ठाण्याचं कामकाज कन्नडमध्ये चालतं. लिहून घेतलेली फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांना बंधनकारक आहे, तेव्हा ती समजेल अशा भाषेत सांगायला लावावी, दागिन्यांची नावं आणि वजनं बरोबर उतरली आहेत का ते बघावं आणि मगच सही करावी. कन्नड वाचणारा एखादा माणूस सोबत न्यावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. गडबडीत एखादी वस्तू सांगायची राहिली तर पुरवणी जबाब देता येतो. ठाण्यात नोंदच घेत नसतील तर तीच खबर लेखी, टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवावी.

चोर सापडला, माल मिळाला, तरी दागिने सरळ घरी येत नाहीत; ते न्यायालयामार्फत मिळतात. खटला संपेपर्यंत असा माल ठाण्यात पडून राहू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं आहे. आता संहितेच्या कलम 497 मध्ये मालाची यादी 14 दिवसांत करून, फोटो व चित्रीकरण घेऊन, त्यानंतर 30 दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश देण्याची तरतूद आहे. अर्ज मात्र मालकाने करायचा असतो, आणि त्यासोबत पावत्या, सराफाची वजनाची चिठ्ठी आणि ते फोटो जोडायचे असतात.