विझता प्रकाश आणि उष्णतामान

घरांत कोणाला ताप आला म्हणजे आपण थर्मामीटर त्याच्या जिभेखालीं ठेवतों आणि मिनिटभर थांबतों. त्या मिनिटांत काय होतें, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. नळीच्या टोकाला अंगाची उष्णता लागून तें टोक अंगाइतकेंच ऊन होतें. म्हणजे थर्मामीटर खरें पाहतां स्वतःचेंच उष्णतामान सांगत असतो. रोग्याचें शरीर मोठें, नळी लहान, म्हणून उष्णतेच्या या उसनवारीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मोजावयाची वस्तु म्हणजे एक जिवंत पेशीच असेल तर? किंवा उच्च दाबाच्या विजेच्या ट्रान्स्फॉर्मरमधील वेटोळें असेल, आणि तेथें धातूची तार नेणेंच धोक्याचें असेल तर?

अशा अडचणीच्या जागीं कसें मोजावें, हें समजून घेण्यास आपल्या परिचयाचें माणिक उपयोगी पडतें. माणिक म्हणजे अ‍ॅल्युमिनियम व प्राणवायु यांचा स्फटिक; त्यांत कोठें कोठें अ‍ॅल्युमिनियमच्या जागीं क्रोमियमचे अणु बसलेले असतात. त्यावर हिरवा प्रकाश टाकला तर तें तांबडा प्रकाश देतें. हिरवा दिवा बंद केल्यावरहि हा तांबडा प्रकाश एकदम नाहींसा होत नाहीं. नेहमींच्या हवेंत सेकंदाच्या तीन-चार सहस्रांशांत तो सुमारें एक-तृतीयांशावर येतो. डोळ्याला हा विलंब कळणें शक्य नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञ एद्मों बेकेरेल यांनीं १८५८ च्या सुमारास भोकें पाडलेल्या तबकड्या फिरवून असले क्षणजीवी प्रकाश तपासण्याचें यंत्र केलें. आतां तें काम विजेचीं उपकरणें करतात.

माणिक तापवीत गेलें कीं हा प्रकाश अधिक लवकर विझूं लागतो. प्रकाश शोषून क्रोमियममधील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतात व उतरतांना तांबडा प्रकाश टाकतात. उष्णता वाढली म्हणजे स्फटिकाच्या कंपनांच्या धक्क्यांनीं त्यांना उतरण्याच्या अधिक सोप्या वाटा सांपडतात. विझण्याचा हा काळ मोजला कीं उष्णतामान मिळालें.

मग प्रकाशाचें तेजच कां मोजूं नये, असें कोणी विचारील. तेज फसवें असतें. दिवा मंदावला, काचेचा तंतु वांकला, टोकावर धूळ बसली, तरी तें कमी होतें. देवळांतली घंटा हळू वाजवा कीं जोरानें, तिचा नाद ओसरण्याची गति मात्र तीच राहते. येथेंहि तसेंच आहे. केसासारख्या काचतंतूच्या टोकाला असा पदार्थ लावतात. व्यवहारांत माणकाऐवजीं मँगनीज मिसळलेला मॅग्नेशियमचा एक संयोगहि वापरतात. काच वीज वाहून नेत नाहीं, म्हणून प्रबळ विद्युत्‌क्षेत्रांत किंवा चुंबकीय यंत्रांतहि हा मापक निर्धास्तपणें ठेवतां येतो.

दुसरी युक्ति रंगांची आहे. एर्बियम हा धातु मिसळलेल्या स्फटिकांतून हिरव्या प्रकाशाचे दोन पट्टे निघतात, आणि त्यांचा उगम इलेक्ट्रॉनांच्या दोन लगतच्या पायऱ्यांत असतो. उष्णता वाढली कीं वरच्या पायरीवर गर्दी वाढते व तिचा पट्टा तुलनेनें उजळतो. दोहोंचें गुणोत्तर घेतलें कीं दिव्याच्या चढउताराची बाधा बरीच टळते. शिवाय यटर्बियमची जोड दिल्यास हे कण तांबड्यापलीकडील अदृश्य किरणांनींहि हिरवे उजळतात. २०१० सालीं असे अतिसूक्ष्म कण हेला या नांवाच्या कर्करोगाच्या पेशींत सोडून त्यांचें उष्णतामान २५ अंशांपासून, पेशी मरतात त्या ४५ अंशांपर्यंत मोजण्यांत आलें.

येथून मात्र वाद सुरू होतो. २०१२ सालीं जपानी संशोधकांनीं दुसऱ्या एका चकाकणाऱ्या पदार्थानें मोजून पेशीकेंद्र भोंवतालच्या द्रवापेक्षां सुमारें एक अंशानें अधिक उष्ण असल्याचें प्रसिद्ध केलें. २०१४ सालीं कांहीं भौतिकशास्त्रज्ञांनीं हिशेब मांडला, कीं पेशीच्या स्वतःच्या उष्णतेनें जेमतेम एक लक्षांश अंशाचा फरक पडावा. लाख पटींची ही तफावत! पेशींतील आम्लता, क्षार, द्रवाचा दाटपणा यांनींहि चकाकी बदलूं शकते, असा आक्षेपकांचा मुद्दा आहे. मला तो वजनदार वाटतो. अगदीं निराळ्या तत्त्वांवर चालणारे दोन मापक एकाच पेशींत तोच आकडा दाखवूं लागेपर्यंत मी तरी तो एक अंश पेन्सिलीनेंच लिहून ठेवीन.