हिऱ्याचें तेज आणि कारागिराचा हात



जव्हेऱ्याच्या दुकानांत हिरा घेण्यास गेलेला गृहस्थ बहुधा पहिला प्रश्न विचारतो, "किती कॅरटांचा?" पण कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तें केवळ वजन होय. हिऱ्याचा रंग आणि निर्मळपणा निसर्गाच्या स्वाधीन. तेज मात्र पैलू पाडणाऱ्याच्या हातीं असतें.

याची साक्ष खुद्द कोहिनूर देईल. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत तो मांडला, तेव्हां तो फारसा झळकेना, म्हणून प्रेक्षक निराश झाले. आपल्याकडील जुने कारागीर होतां होईल तों वजन राखून पैलू पाडीत. १८५२ सालीं लंडनमध्यें त्याला नवे पैलू पाडण्यांत आले. आजच्या मापानें सुमारें १९१ कॅरटांचा तो हिरा १०५.६ कॅरटांचा उरला!

असें कां करावें लागतें? वरून आंत शिरलेला किरण खालच्या तिरप्या पैलूंवर आदळतो. पैलूवरील लंबाशीं त्याचा कोन सुमारें २४.५ अंशांहून अधिक असेल, तर तो संपूर्ण परावृत्त होतो आणि समोरच्या पैलूवरून वर वळून आपल्या डोळ्यांस मिळतो. कोन कमी पडला कीं तो खालून निसटतो. गोल हिऱ्याचे खालचे पैलू त्याच्या रुंद कडेच्या पातळीशीं ४०.७५ अंशांनीं कललेले असावेत, असें मार्सेल टोलकोव्हस्की यांनीं १९१९ सालीं गणितानें दाखविलें.

बूड फार खोल राहिलें, तर मध्यभाग काळवंडतो. शिवाय वजन बुडांत दडतें. उत्तम घडणीचा एक कॅरटाचा गोल हिरा सुमारें ६.५ मिलिमीटर रुंद असतो. खोल बुडाचा तितक्याच वजनाचा हिरा त्याहून लहान दिसतो. ग्राहक न दिसणाऱ्या वजनाचे पैसे मोजतो.

दुकानाच्या प्रखर दिव्यांखालीं सामान्य हिराही चमकतो. म्हणून तो खिडकीपाशीं साध्या उजेडांत न्यावा, दुसऱ्या हिऱ्याशेजारीं ठेवावा आणि हळूहळू कलवून पाहावा. मध्यें काळोखी दिसली, किंवा उथळ हिऱ्यांत दिसतें तसें माशाच्या डोळ्यासारखें फिकट कडें दिसलें, तर सावध व्हावें. दाखलाही वाचावा, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था २००६ पासून गोल हिऱ्याच्या घडणीची प्रत पांच पायऱ्यांत नोंदवीत आली आहे.

लेकीच्या अंगठीसाठीं वर्षानुवर्षें सांठविलेला पैसा मोजतांना दोन हिऱ्यांची किंमत सारखी असेल, तर वजनानें थोडा कमी परंतु घडणीनें सरस असलेला हिराच पसंत करावा.