गैरहजेरीचा अर्थ

कर्मचारी गैरहजर राहिला की त्याच्या आळसाकडे बोट दाखवणे सोयीचे असते. लंडनमधील सरकारी नोकरांच्या आरोग्याची १९८५ साली सुरू झालेली प्रदीर्घ पाहणी या समजुतीस छेद देते. तेथे सर्वात खालच्या श्रेणीतील पुरुषांच्या आजारपणाच्या रजांचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे सहापट आढळले. व्यसनांनी ही तफावत पुरती उलगडत नाही. स्वतःच्या कामावर स्वतःचा अधिकार नसणे, हेही त्यामागील एक कारण दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये अशा कार्यजन्य थकव्यास व्याधी न म्हणता कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम मानले. तेव्हा हजेरीपटावरील फुल्या मोजणाऱ्या व्यवस्थापनाने नोटिसा काढण्यापूर्वी कचेरीतील वातावरण तपासावे. रजा नाकारल्याने थकवा जात नाही. तो केवळ कामावर हजर होतो.