साबण न विसळता कसा निघतो?

आजाऱ्याचे अंग ओल्या फडक्याने पुसून घेतले की स्नान झाले, अशी आमचीही समजूत होती. आमच्या आत्याबाई मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ती समजूत गळून पडली. रोज कोमट पाण्यात साबण कालवून आम्ही त्यांचे अंग पुशीत असू. तरी पाठ खाजू लागली, काखेत लाली आली. चूक आमचीच. साबण लावीत होतो, काढीत नव्हतो.

साबण हा अल्कधर्मी. त्याचा सामू 9 ते 10, तर त्वचेचा 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. साबण अंगावर वाळला की त्वचेचा हा आम्लपणा मोडतो आणि ती रखरखीत होते. न्हाणीघरात दोन तांबे ओतताच साबण मोरीत जातो. अंथरुणात मोरी कोठली? तेथे साबणाला जायला फडके हीच एक वाट.

समजा, स्वच्छ ओल्या फडक्याच्या एका हाताने निम्मा साबण निघतो. तर तीन हातांनंतर आठवा हिस्सा उरेल. मात्र तेच फडके त्याच भांड्यात बुचकळीत राहिलो, तर भांड्यातले पाणीच साबणाचे होते आणि काढलेला साबण आपण पुन्हा अंगाला फाशीत बसतो! म्हणून साबणाचे भांडे वेगळे, साध्या पाण्याचे वेगळे. फडकीही दोन, आणि साधे पाणी दोनतीनदा बदललेले. विहिरीचे पाणी दुष्फेन असेल तर साबणाचा न विरघळणारा साका धरतो. असे पाणी उकळून, निवळून घेतल्यास दुष्फेनपणा थोडाफार तरी कमी होतो.

केसांचे काम अधिक किचकट. अंतराळस्थानकात पाणी खाली वाहतच नाही. तेथे 2013 साली कॅरेन नायबर्ग या अंतराळवीर बाईंनी आपले लांब केस कसे धुतात ते चित्रफितीत दाखविले: थोडे कोमट पाणी, विसळावा न लागणारा शॅम्पू, आणि मग टॉवेल. ‘विसळावा न लागणारा’ याचा अर्थ तो आपोआप नाहीसा होतो असा नव्हे. मळासकट तो टॉवेलात जातो.

आम्ही तेच केले. साबण अगदी बेताचा. एकेक बट टॉवेलात धरून मुळापासून टोकाकडे दाबीत न्यायची, चोळायची नाही, आणि दर बटेला टॉवेलाची कोरडी बाजू. आठवड्याभरात खाज थांबली. आत्याबाईंचे समाधान मात्र झाले नाही. डोक्यावरून तांब्या घेतल्यावाचून न्हाणे कसले, असे त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.