पायाखालचीं नांवें

जर्मनींतील शहरांतून पायीं हिंडतांना एखाद्या घराच्या दारापुढें, फरसबंदीच्या दगडांतच बसविलेला तळहाताएवढा पितळी चौकोन दृष्टीस पडतो. त्यावरील मजकूर अगदीं थोडा असतो: येथें अमुक राहत असे, जन्म अमुक सालीं, हद्दपारी अमुक सालीं, आउश्वित्झ येथें हत्या. एकाच दारापुढें असे चारपांच चौकोन लागून दिसले, म्हणजे आजी, आईबाप व मुलें असें सबंध कुटुंब त्या उंबऱ्यावरून नेलें गेलें, हें वाचकांस सांगावयास नकोच. नात्झी राजवटीनें सुमारें ६० लक्ष यहुद्यांचा संहार केला. ही संख्या मनांत मावत नाहीं. दारापुढील चार नांवें मात्र मावतात.

ही कल्पना गुंटर डेम्निग या कलावंताची. मे १९४० मध्यें कोलोन शहरांतून सुमारें हजार रोमा लोकांना हद्दपार करण्यांत आलें. (ह्या रोमांचे पूर्वज मूळचे हिंदुस्थानांतले, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.) त्यांना ज्या वाटेनें नेलें, ती वाट डेम्निग यांनीं १९९० सालीं रस्त्यावर रेघ ओढून दाखविली. पुढें त्या खुणा पक्क्या करीत असतां एक वृद्ध बाई त्यांना म्हणाली कीं, आमच्या वस्तींत असले लोक कधींच नव्हते! शेजाऱ्याची आठवणसुद्धां शेजाऱ्याला उरूं नये, हेंच डेम्निग यांच्या मनाला लागलें. १९९२ सालीं कोलोन येथें पहिला दगड बसला. २०२३ पर्यंत युरोपभर त्यांची संख्या एक लक्षावर गेली.

म्युनिक शहरानें मात्र सार्वजनिक रस्त्यांवर हे दगड बसवूं दिले नाहींत. तेथील यहुदी समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख यांचा त्यांस सक्त विरोध. लहानपणीं एका शेतकरी कुटुंबांत लपून त्या वांचल्या. त्यांच्या आजीचा अंत तेरेझिएनश्टाटच्या छावणींत झाला. ज्यांना एकदां तुडविलें, त्यांचीं नांवें पुन्हां लोकांच्या जोड्यांखालीं कां द्यावीं, हा त्यांचा प्रश्न आहे. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्या घरांतून तो चटकन् समजेल. परंतु पंढरीच्या महाद्वारांत नामदेवांची पायरी आहे, हेंही आपणच जाणतों. भक्तांची पायधूळ लागावी म्हणून ती जागा त्यांनीं मागून घेतली, असें वारकरी सांगतात. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं नामदेवांनीं ती स्वेच्छेनें मागितली. ह्या मृतांना कोणीं विचारलें नाहीं. नांव वाचावयाचें तर मान लववावीच लागते, हें डेम्निग यांच्या बाजूचें म्हणणें आम्हांस मनापासून पटतें; तरी ज्या शहरांत जिवंत राहिलेलीं माणसें नको म्हणतात, तेथें त्यांचा शब्द अखेरचा असावा, असें आमचें मत आहे. म्युनिकनें २०१८ पासून भिंतींवर व खांबांवर, डोळ्यांच्या उंचीला, नांवाच्या पाट्या लावण्यास आरंभ केला. तोही मार्ग चांगला.

पितळेचा स्वभाव आपल्या गृहिणींस ठाऊक आहेच. घांसल्यावांचून तें काळवंडतें. म्हणून दरसाल ९ नोव्हेंबरला व २७ जानेवारीला शाळकरी मुलें आणि शेजारीपाजारी गुडघे टेंकून हे दगड घांसतात. उलट वृत्तीचे लोकही आहेत. ७ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्साइट्स या गांवांतील दहाच्या दहा दगड कोणीं उखडून नेले. वार्ता पसरतांच ठिकठिकाणांहून देणग्या आल्या, आणि पुढल्या वर्षीं तींच नांवें कोरून नवे दगड त्याच दारांपुढें बसविण्यांत आले.