रानातलं रसायन – ७ : कपाशीचे काळे ठिपके

मागच्या आठवड्यात कडुनिंबाचा कडूपणा पाहिला. या वेळी शेवगाव, पाथर्डी, नेवासा या कापूसपट्ट्यात जाऊ. पऱ्हाटीचं एक पान तोडून उन्हाकडे धरा. पानभर बारीक काळपट ठिपके दिसतील. हिरव्या बोंडावर आणि सरकी फोडली तर आतल्या गरातही तेच. हा रोग नव्हे. या ग्रंथी आहेत आणि त्यांत गॉसिपॉल नावाचं पिवळं विषारी द्रव्य साठवलेलं असतं. १८९९ मध्ये मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिलं.

विष ग्रंथीत कोंडलेलं, त्यामुळे झाडाच्या इतर पेशींना त्याचा त्रास नाही. अळीने चावा घेतला की ग्रंथी फुटते. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या तर ठिपके टाळून मधलाच भाग कुरतडतात. गॉसिपॉलने अळी लगेच मरते असं नाही. तिची वाढ खुंटते. पण वाढायला जास्त दिवस लागले म्हणजे तेवढे दिवस ती ढालकिडे, क्रायसोपा अशा शिकारी मित्रकीटकांच्या तावडीत राहते. शिवाय कुरतडलेली कपाशी हवेत विशिष्ट गंध सोडते. त्या मागावर परजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. पानामागच्या शिरेवर मधुरसाची ग्रंथी असते, तिथे राखणदार मुंग्यांची ये-जा चालते.

बुरशीशी लढाई वेगळी. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी मुळांतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांतून वर चढते. झाड त्या नळ्या बुजवू लागतं आणि भोवतालच्या पेशी गॉसिपॉलच्याच कुळातली बुरशीनाशक द्रव्यं आत सोडतात. ही द्रव्यं साठ्यातली नसतात, हल्ल्यानंतर तयार होतात. म्हणून निकाल वेगावर ठरतो: द्रव्य आधी पोचलं तर झाड वाचतं, बुरशी पुढे गेली तर पऱ्हाटी उभी वाळते. आपल्याकडची ही बुरशी प्रामुख्याने देशी कपाशीला मारते; अमेरिकन कपाशी तिला सहसा दाद देत नाही.

सरकीतलं गॉसिपॉल पेंडीतून गोठ्यातही येतं. रवंथ करणाऱ्या गाई-म्हशींच्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं, म्हणून बेताने घातलेली सरकी पेंड त्यांना पचते. लहान वासराला आणि कोंबड्यांना मात्र ते बाधतं. कोंबडीच्या अंड्यातला बलक हिरवट पडतो. हे टाळायला अमेरिकेत १९५० च्या दशकात ग्रंथीच नसलेली कपाशी शोधण्यात आली. ती शेतात लावली तेव्हा एरवी कपाशीला तोंड न लावणारे किडे आणि उंदीरही तिच्यावर तुटून पडले. पुढे २००६ मध्ये टेक्सासमध्ये कीर्ती राठोर यांच्या गटाने फक्त सरकीतलं गॉसिपॉल घटवून दाखवलं. पानं आणि बोंडं पूर्वीसारखीच सज्ज राहिली.

अळ्याही गप्प बसलेल्या नाहीत. हिरव्या बोंडअळीच्या आतड्यात गॉसिपॉल सोसायला मदत करणारं विकर असल्याचं २००७ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं. शेंदरी बोंडअळी तर बोंडात शिरून सरकीच खाते. २००२ पासून आपण बीटी कपाशी लावू लागलो. तिच्यातलं अळी मारणारं प्रथिन मुळात एका जिवाणूचं. सगळा भार त्यावर पडला, शेंदरी बोंडअळीने त्यालाही पचवलं आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर किडका कवडी कापूस वेचायची वेळ आली.

कपाशीने स्वतः कधी एकाच विषावर भिस्त ठेवली नाही: थोडं विष, थोडा गंध, थोडा मधुरस, शिवाय मित्रकीटकांची मदत. शेतकऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो. युरियाचा मारा केला की पीक लुसलुशीत होतं आणि तुडतुडे, मावा ओढून आणतं. ऊठसूट फवारणीने ढालकिडे आणि गांधीलमाश्या आधी मरतात. हंगामानंतरही पीक उभं राखून फरदड घेतली तर शेंदरी अळीला पुढच्या हंगामापर्यंतची बेगमी मिळते. हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करणं, हे कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त आहे.

(पुढील भागात : कोवळ्या ज्वारीतलं विष जनावरांना का बाधतं?)